लहरीचा ताळेबंद

बारामती आणि इंदापूर हे काही स्वप्नाळू माणसांचे तालुके म्हणून प्रसिद्ध नाहीत. इथे प्रत्येक गोष्ट मोजली जाते. कालव्याच्या पाण्याची पाळी तासांत, ऊस टनांत, साखरेचा उतारा टक्क्यांत आणि माणसाची पत त्याच्या सातबाऱ्यावरच्या बोज्यात. चहाच्या टपरीवर दोघे डोके जवळ करून बोलत असतील तर तिसऱ्याने न ऐकताच ओळखावे, की विषय उसाच्या पहिल्या हप्त्याचा आहे किंवा पाण्याच्या आवर्तनाचा. अशा मुलखात राहून, त्यातून जन्मभर बँकेच्या खतावण्या तपासून, जो माणूस कथा-कादंबऱ्या लिहितो त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘साहेब, तुम्हाला हे सुचतं तरी कुठून?’’ प्रश्नात कौतुक असते आणि थोडी कीवही असते.

माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. मी सांगतो, मोरगावला जाऊन या.

मोरगाव बारामती तालुक्यातच येते. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ तिथून होतो. देवळाच्या कोपऱ्यांना मिनारांसारखे मनोरे आहेत, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती मशीदच वाटावी. आणि दाराबाहेर, गणपतीकडे तोंड करून, भला मोठा दगडी नंदी बसला आहे. नंदी शंकराचा, तो लेकाच्या दारात काय करतो? आख्यायिका अशी, की हा नंदी गाड्यावर घालून भुलेश्वराच्या देवळाकडे नेत होते. मोरगावात गाड्याचे चाक मोडले आणि नंदीने पुढे जायचे साफ नाकारले. बँकेच्या भाषेत ही भलत्याच खात्यात जमा पडलेली रक्कम झाली. आमच्याकडे अशी नोंद सापडली की उलटी नोंद घालून खाते त्याच दिवशी सरळ करत. मोरगावकरांनी पिढ्यानपिढ्या ती उलटवली नाही. तिच्यासाठी एक गोष्ट रचली आणि नंदीला गंधफूल वाहिले.

लहरी, विक्षिप्त, स्वप्नात पाहिल्यासारख्या कलेबद्दल मला जे काही कळले आहे ते या नंदीपाशी कळले. नंदी म्हणून त्याच्यात काहीही खोट नाही. तो तीन शिंगांचा नाही, हवेत तरंगत नाही. बाकी सगळे शास्त्राला धरून आहे. फक्त पत्ता बदलला आहे. आणि तेवढ्याने येणारा-जाणारा थबकतो.

मोरगावहून फार दूर नाही असे लोणी भापकर आहे. तिथे जुन्या देवळाच्या परिसरात दगडाचा एक वराह आहे. दशावतारांच्या चित्रात दिसतो तसा माणसाच्या धडाचा नव्हे; चारी पायांवर उभा, खराखुरा प्राणी. त्याच्या अंगावर झूल घातल्यासारख्या विष्णूच्या लहान लहान मूर्ती ओळीने कोरल्या आहेत. रांगा अशा शिस्तीत, की खतावणीतले रकाने आठवावेत. ज्याला जुन्या नक्षीतून काही शिकायचे आहे त्याने एक दुपार तिथे काढावी. शेजारी पायऱ्यांची पुष्करणीही आहे. तिच्यासाठी दुसरी दुपार लागेल.

पण बारामतीच्या लहरींचा खरा राजा दगडात नाही, शब्दांत आहे. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजे आपले मोरोपंत. जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. तरुणपणी बारामतीला आले ते बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. हे नाईक म्हणजे पेशव्यांचे सोयरे आणि पेशव्यांना कर्ज देणारे सावकारही. मराठीतल्या एवढ्या मोठ्या पंडितकवीचा आश्रयदाता पेढीवाला होता, याचे मला खाजगी समाधान वाटते. कऱ्हेकाठच्या नाइकांच्या वाड्यात पंत पुराण सांगत आणि उरलेल्या वेळात आर्या रचत. उरलेला वेळ बराच असावा, कारण त्यांनी अख्खे महाभारत आर्यांत उतरवले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे रामायणे लिहिली ती १०८.

एकच कथा १०८ वेळा! कथा सर्वांना पाठ. रामाला वनवास होणार आणि रावण मरणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक. मग नवे काय करायचे? पंतांनी स्वतःलाच अटी घालून घेतल्या. काही रामायणांत रामनामाचा तेरा अक्षरांचा मंत्र ओळींच्या पोटात अक्षर अक्षर करून पेरला. एकाचे नावच ‘परंतु रामायण’. आणि एक आहे ‘निरोष्ठ रामायण’. निरोष्ठ म्हणजे ओठ न लागणारे. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे वर्ज्य. वाचणाऱ्याचे ओठ आरंभापासून अखेरपर्यंत एकमेकांना शिवायचे नाहीत.

क्षणभर थांबून या अटीचा अर्थ लक्षात घ्यावा. ‘म’ वर्ज्य आहे, म्हणजे रामायणात राम हे नावच घेता येत नाही. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण गेले. सुमित्रा गेली. सीता तेवढी राहिली आणि दशरथ राहिला. एवढेच नाही, कवीला स्वतःची सहीसुद्धा करता येत नाही. मोरोपंत म्हणा की मयूर म्हणा, ओठ मिटतातच. आणि हे सगळे गाळूनही आर्येच्या मात्रा एकेक मोजून बसवायच्या. तिथे सूट नाही.

ही कल्पना पंतांनी शून्यातून काढली असे नव्हे. संस्कृतात दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा एक कुमार आपली हकिकत ओष्ठ्य अक्षरांशिवाय सांगतो, कारण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. दंडीने अटीला असे रंगेल कारण दिले. पंतांना कारणाची गरज वाटली नाही.

पुढे इंग्रजी शिकलेल्या रसिकांना हे सारे पोरकट वाटले. कवित्व म्हणजे हृदयाचा उमाळा. अक्षरे गाळणे ही डोंबाऱ्याची कसरत. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांच्या कवितेचे वकीलपत्र घेतले आणि ते जोरात चालवलेही, पण शाळेतून आपल्या कानांवर आले ते एवढेच, की मोरोपंत विद्वान खरे, कवी मात्र बेताचे. मी या निकालाशी पुरता भांडणार नाही. सगळी रामायणे सलग वाचावीत असा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. परंतु जो हात ‘केकावली’ लिहितो, देवाला मोराच्या आर्ततेने हाक मारतो आणि तेही पृथ्वीसारख्या अवघड वृत्तात कुठे अडखळल्याचे कळू न देता, तो हात या कसरतींवर तयार झालेला होता हे विसरून चालणार नाही. पहाटे तालमीत घामाघूम होणारा मल्ल आखाड्यात उतरला की मगच आपण त्याला टाळ्या देतो.

एकदा एका शाळेत मुलांना मी हा खेळ घातला. नियम एकच, ओठ मिटता कामा नयेत. मुले आपली घरची भाषा चाळणीत घालून हलवू लागली. बाबा, मामा, भाऊ गळाले. आई, आजी, काका, ताई राहिले. पाणी, भाकरी, मीठ गेले; चहा आणि साखर राहिली. बारामती गेली, इंदापूर गेले, भिगवण गेले, भीमा गेली; कऱ्हा आणि नीरा राहिल्या. एका पोराने ओरडून सांगितले, ‘‘सर, पैसा गेला, पण कर्ज राहिलं!’’ वर्ग हसला; मागे उभे असलेले दोन शिक्षक जरा जास्तच हसले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की ‘मी’ गेला. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ही गेले. आता स्वतःविषयी बोलायचे कसे? पाचवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले होते : नीरेकाठी रात्री ऊस हलतो नि आजीला जाग येते. शास्त्री मंडळी यातल्या ‘ऊ’ आणि ‘ओ’ला हरकत घेतील, कारण हे स्वरही ओठांचेच. मी घेतली नाही. ‘माझा गाव’ या विषयावरच्या निबंधाच्या ढिगात हे वाक्य तिला सुचले नसते. ‘मी’ हा शब्द हातातून काढून घेतला म्हणून तिला आजी दिसली.

माझ्या पिढीला या गोष्टीची गोडी मोरोपंतांनी लावली असे मात्र म्हणता येणार नाही. ती लावली दिवाळी अंकांनी. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’, अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’, पाटकरांचा ‘आवाज’. अंक वाचनालयातून येई आणि घरात त्याच्यावर क्रमाने हक्क असत. शि. द. फडणीसांचे १९५२ सालच्या ‘मोहिनी’चे मुखपृष्ठ पुढे इतके गाजले, की ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांनाही ते आठवते. एक तरुण, एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बस्स. खाली एक अक्षर नाही. माणसे नीटनेटकी, रंग प्रसन्न, रेषा सरळ. गंमत आहे ती फक्त कापडावरच्या छापाची. मोरगावच्या नंदीप्रमाणे इथेही एकच गोष्ट जागा सोडून आली आहे. याच फडणीसांनी पुढे प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. अनेकांना याचे नवल वाटले. मला अजिबात वाटले नाही. इतकी चोख लहर ज्याला जमते त्याला गणिताचे वावडे कसे असेल?

‘आवाज’ची खिडकीचित्रे ही तर गाळण्याचीच कला. पानाला भोक पाडलेले. त्यातून मागच्या चित्राचा एक तुकडा दिसे आणि मनात भलतेच काही येई. पान उलटावे तो चित्र अगदी साळसूद! घरात ही पाने वडीलधाऱ्यांच्या नजरेआड उलटली जात. वडीलधारेही ती आमच्या नजरेआड उलटत. विनोदाच्या दर्जाबद्दल वाद घालता येईल, पण कारागिरीबद्दल नाही. भोक सुताभर सरकले तर सगळा चावटपणा मातीत जाणार.

हे अंक आज रद्दीच्या दुकानांत किलोवर मिळतात. लग्नकार्याच्या आधी किंवा वाडा पाडायच्या वेळी माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात, आणि घरातली तरुण मंडळी त्यांना वाळवी लागली आहे एवढेच पाहतात. कागद पिवळा पडला असेल, कथा शिळ्या झाल्या असतील. मुखपृष्ठे तेवढी उतरवून ठेवावीत अशी माझी विनंती आहे. जुन्या कॅलेंडरांचेही तेच. गुळाच्या अडतीवर टांगलेली, मुळगावकरांच्या धाटणीचे गुलाबी देव असलेली कॅलेंडरे कलाविवेचकांनी कधी मनावर घेतली नाहीत. पण हिशेबाची चोपडी, तराजू, गुळाच्या ढेपांवर घोंघावणाऱ्या माश्या आणि या सगळ्याच्या वर ढगात उभा राहून मंद हसणारा विष्णू, हे दृश्य कुठल्या युरोपीय चित्रकाराने रंगवले असते तर आपण त्याला तिकीट काढून पाहिले असते.

युरोपीयांचा विषय निघालाच आहे, तर बेल्जियमच्या रने माग्रितची गोष्ट सांगितली पाहिजे. स्वप्नसृष्टीतली चित्रे काढणाऱ्यांत याचे नाव फार मोठे. माणूस मात्र दिसायला बँकेतल्या हेडक्लार्कसारखा. सूट घालून, घरातल्या जेवणाच्या खोलीत बसून चित्रे काढी. तरुणपणी भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या कारखान्यात त्याने नक्षीकामाची नोकरी केली होती. १९५३ साली त्याने एक चित्र काढले : साध्या घरांची रांग, निळसर आकाश, आणि त्या आकाशात पावसाच्या थेंबांसारखे टांगलेले गोल हॅटवाले, काळ्या कोटातले गृहस्थ. सगळे जण अगदी निर्विकार. चित्राचे नाव ‘गोवळकोंडा’. आपल्या दक्षिणेतला हिऱ्यांचा किल्ला! नावाचा आणि चित्राचा संबंध काय हे विचारू नये. पण हॅटची कड, कोटाची घडी, खिडक्यांच्या चौकटी पाहाव्यात. सगळा तपशील तारखेनिशी बरोबर आहे. एकच रक्कम खोडली आहे, गुरुत्वाकर्षणाची.

नवशिके लेखक-चित्रकार इथेच घसरतात असे मला दिसते. विक्षिप्त काही करायचे म्हणून ते सगळेच उलटेपालटे करून टाकतात. घड्याळ वितळते, मासा उडतो, झाडाला डोळे फुटतात, आणि वाचणाऱ्याला कशाचेच काही वाटेनासे होते. ताळेबंदात एक आकडा चुकला तर अधिकारी रात्रभर बसून तो शोधतो. सगळेच आकडे चुकले तर तो दिवा मालवून घरी जातो.

माझी एक कथा आहे. साखर कारखान्याचा वजनकाटा एका रात्री उसाचे वजन दाखवायचे सोडून गाडीवानाचे कर्ज दाखवू लागतो. कल्पना सुचायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. पण कथा लिहिण्यासाठी गाळपाच्या हंगामात तीन रात्री कारखान्याच्या आवारात काढाव्या लागल्या. बैलगाड्यांची रांग कशी वळते, चिठ्ठी कोण फाडतो, जुवाखाली बैल उभ्या उभ्या कसे डुलकी घेतात, कोपीवर ठेवून आलेल्या पोरासाठी बाईचा जीव कसा वर-खाली होतो. हे खोटे पडले असते तर काटाही खोटा पडला असता. कथा छापून आल्यावर एका टोळीच्या मुकादमाने मला गाठून विचारले, ‘‘कुठल्या कारखान्याचा काटा हो हा?’’ एवढी दाद मला पुरे.

मात्र लहर म्हणजे नुसती गंमत असेही नाही. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ मध्ये एक आख्खी कादंबरी लिहिली ती रोमन लिपीतले ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता. फ्रेंचमध्ये याच अक्षराचा वापर सर्वांत जास्त. पेरेकच्या नावात हे अक्षर चार वेळा येते. म्हणजे निरोष्ठ रामायणाच्या कर्त्याप्रमाणे यालाही सही करायची सोय नव्हती. लोकांनी आधी कौतुकाने हात चोळले, काय चतुराई! पण पेरेकचा बाप १९४० साली युद्धात पडला होता आणि आईला १९४३ मध्ये आउशवित्झच्या छावणीकडे नेले ते कायमचे. ज्याच्याशिवाय धड बोलता येत नाही असे काहीतरी आयुष्यातून गेले आहे, त्याचे नाव घेता येत नाही आणि तरी वाक्ये पुरी करायची आहेत, अशी ती कादंबरी.

हे कळल्यापासून इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला मी वेगळ्या मनाने जातो. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. ११७ टीएमसीचा तो अफाट जलाशय फुगला आणि नदीकाठची गावे वर सरकली. पळसदेवही वर आले. पळसनाथाचे जुने देऊळ मात्र खालीच राहिले. दगडी बांधणी, वर विटांचे उंच शिखर. एरवी तिथे पाणीच पाणी. पण उन्हाळा कडक पडला, धरण तळाला गेले, की आधी शिखर दिसू लागते, मग हळूहळू अख्खे देऊळ गाळातून वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच आले. दूरदूरची माणसे मोटारी घेऊन धावली. पाण्यातून उगवलेले देऊळ, भेगाळलेली जमीन, तिकडे भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून खाणारे रोहित पक्षी. छायाचित्रे फारच सुंदर आली. माग्रितनेही तोंडात बोट घातले असते.

मीही ती छायाचित्रे काढली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण गर्दीत एक म्हातारबाबा भेटले, पागोटे काखेत मारून एकेक पायरी हाताने चाचपत होते. मी म्हटले, ‘‘बाबा, बऱ्याच वर्षांनी दर्शन झालं.’’ ते म्हणाले, ‘‘झालं खरं. पण देव दिसला म्हंजी पाणी न्हाई. आता पोराचा ऊस वाळतुय अन् मी हितं नारळ फोडतुय.’’ मग त्यांनी मला हाताने दाखवले, इथे पार होता, इथून बैल पाण्यावर जायचे, तिथे आमचा सोपा. जिथे बोट दाखवीत तिथे काहीच नव्हते. गाळ आणि शिंपले. पण अंतरे त्यांनी पावलांनी मोजून सांगितली. पारापासून सोप्यापर्यंत बेचाळीस पावले. मी चालून पाहिले. पाहुण्या माणसाला जे स्वप्नातले दृश्य, ते या गृहस्थांना घराचा नकाशा.

जलाशय पुन्हा भरल्यावर मी होडीतून त्या बाजूला गेलो. शिखरही पाण्याखाली गेले होते; वरून पाहणाऱ्याला खूण म्हणून काहीच उरले नव्हते. नावाडी तरुण होता, धरण झाल्यावर जन्मलेला. जुने गाव त्याने कधी नांदते पाहिले नव्हते. एका जागी आल्यावर त्याने वल्हे वर उचलले, होडी तशीच पुढे सरकू दिली, आणि दहा-बारा हात गेल्यावर पुन्हा वल्हे पाण्यात घातले. मी काही विचारले नाही. तोच म्हणाला, ‘‘खाली देऊळ हाय.’’